खूण आधी, गोष्ट नंतर

जानेवारीत माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं बारसं झालं. सिडकोतलं दोन खोल्यांचं घर, पाळण्याला बांधलेली झेंडूची माळ, ताटात घुगऱ्या. बाळाच्या कपाळावर उजव्या बाजूला लालसर डाग आहे, भुवईवरून खाली पापणीपर्यंत उतरलेला. पाळण्यात वाकून बघणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी तिथं जायची आणि मग नावाकडे. त्या एका दुपारी मी त्या एका डागाचे तीन अर्थ ऐकले.

पहिला अर्थ ग्रहणाचा. "सप्टेंबरच्या ग्रहणात काय चिरलं होतंस गं?" असं एका काकूंनी विचारलं. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं आणि बहिणीला तेव्हा सहावा महिना होता. सासूबाईंनी सांगितलं तसं ती रात्री दहाच्या आधीपासून दीडपर्यंत पाय लांब करून, हातात काहीही न धरता, पलंगावर बसून होती. तिनं तसं सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग मध्येच डोळा लागला असंल. पाय दुमडला असंल बघ."

दुसरा अर्थ देवीचा. "कुंकू लावूनच पाठवलंय आईनं. पाचव्या महिन्यात तुळजापूरला नेऊन आणा, बाकी काही करू नका."

तिसरा मामांचा. आमच्या आप्पांच्या, म्हणजे आजोबांच्या कपाळावर बैलगाडीवरून पडल्याचा वण होता. मामांनी बाळाकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "आप्पा आले परत," एवढंच म्हणाले. त्याच रात्री एका चुलतभावानं मला मोबाइलवर एका पुस्तकाबद्दलचा मजकूर पाठवला. खाली लिहिलं होतं, "तू सायन्सवाली ना? अमेरिकेतल्या प्रोफेसरनं सिद्ध केलंय. वाच."

ते पुस्तक म्हणजे इयन स्टीव्हन्सन यांचं 'रीइन्कार्नेशन अँड बायॉलॉजी'. १९९७ साली दोन खंडांत आलेलं, बावीसशेहून जास्त पानांचं. पहिला खंड जन्मखुणांवर, दुसरा जन्मजात व्यंगांवर. आज त्याची, आणि त्याच्या आधी १९९३ मध्ये आलेल्या त्यांच्या शोधनिबंधाची चिकित्सा करायची आहे. सोबत काकूंच्या ग्रहणाचीही. कारण वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की प्रोफेसरसाहेबांची चूक आणि काकूंची चूक एकच आहे.

आधी डाग म्हणजे काय ते बघू

मी प्राणिशास्त्रात पीएचडी करते, विषय भ्रूणाची वाढ. माझं रोजचं काम म्हणजे कोंबडीच्या अंड्याच्या कवचाला छोटी खिडकी पाडून आतल्या भ्रूणाच्या पेशी कुठून कुठं जातात ते बघणं. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी, मेलॅनोसाइट, त्वचेत तयार होत नाहीत. त्यांचा उगम भ्रूणाच्या पाठीच्या मध्यरेषेजवळ, जिथं पुढं मज्जारज्जू होतो तिथं असतो. तिथून त्या प्रवास करत सगळ्या अंगभर पसरतात. काही वाटेतच, त्वचेच्या खोल थरात, थांबतात. आपल्याकडच्या बहुसंख्य बाळांच्या कमरेखाली दिसतो तो निळसर डाग अशा थांबलेल्या पेशींचा. रंग काळाच असतो, पण खोलवर असल्यामुळे वरून निळा दिसतो. शाळेत जायच्या वयापर्यंत तो बहुतेक वेळा पुसट होतो.

लाल डागाची गोष्ट वेगळी. तिथं रंगपेशींचा संबंध नाही, बारीक रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. हे समजायला झेरॉक्सचं उदाहरण घ्या. नोट्सच्या एका प्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा झेरॉक्स काढत गेलात आणि मध्येच एका प्रतीवर शाईचा ठिपका पडला, तर त्या प्रतीवरून निघालेल्या सगळ्या प्रतींवर तो ठिपका येणार. आधीच्या प्रती मात्र स्वच्छ. गर्भात एका पेशीपासून अब्जावधी पेशी होताना असंच होतं. एखाद्या पेशीत जनुकाचं एक अक्षर बदलतं आणि तिच्यापासून झालेल्या पेशींचा तेवढाच तुकडा वेगळा दिसतो. बदल लवकर झाला तर डाग मोठा, उशिरा झाला तर लहान. 'पोर्ट वाइन स्टेन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लाल डागामागे जीएनएक्यू नावाच्या जनुकातला असाच बदल असतो, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. हा बदल आईकडून येत नाही, वडिलांकडूनही नाही. तो बाळाच्याच पेशीत, गर्भधारणेनंतर, नकलताना झालेली चूक असतो.

म्हणजे डागाला कारण आहे, पण त्या कारणात हेतू नाही. आणि माणसाला हेतूशिवायचं कारण पचत नाही. गोष्ट तिथंच सुरू होते.

एकाच शब्दात मान आणि अपमान

आमच्याकडची जुनी माणसं जन्मखुणेला 'लासं' म्हणतात. दुसरा शब्द 'लांछन'. त्याचा मूळ अर्थ नुसता खूण असा. जैन तीर्थंकरांची ओळख त्यांच्या लांछनावरून होते. महावीरांचं सिंह, पार्श्वनाथांचं नाग. पंढरीच्या विठ्ठलाच्या छातीवर श्रीवत्सलांछन आहे असं वारकरी मानतात, आणि भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली, देवानं उलट त्यांचेच पाय चेपले आणि ती खूण मिरवली, ही कथा आपल्याला कीर्तनातून माहीत असते. देवाच्या अंगावर लांछन म्हणजे भूषण. तोच शब्द बाईच्या नावापुढं लागला की त्याचा अर्थ कलंक होतो. खूण तशीच, अंग बदललं की अर्थ बदलतो.

अर्थ नेमका कधी चिकटतो, याचं एक चांगलं उदाहरण आपल्या इतिहासात आहे. सभासद बखरीत अशी आठवण आहे की १६७० साली राजाराम महाराज जन्मले ते पालथे, लोकांनी अपशकुन मानला, आणि शिवाजी महाराजांनी त्याचा अर्थ उलटवला की हा मुलगा दिल्लीची पातशाही पालथी घालील. अर्थ लावण्याचं कौशल्य वाखाणण्यासारखं आहेच. पण ही बखर लिहिली गेली ती राजाराम महाराजांच्याच कारकिर्दीत, जिंजीला, मोगलांशी लढाई चालू असताना. म्हणजे मुलगा पुढं काय झाला ते माहीत झाल्यावर. जन्माच्या दिवशी काय बोललं गेलं ते आपण तपासू शकत नाही. कुठली आठवण जपली गेली आणि कधी लिहिली गेली, ते मात्र दिसतं.

जन्मखुणांच्या बाबतीत जगभर सगळ्यात जास्त चिकटलेला अर्थ म्हणजे 'आईनं काहीतरी केलं'. भाषा बघा. जर्मनमध्ये जन्मखुणेला 'मुटरमाल', आईची खूण. स्पॅनिशमध्ये 'आन्तोखो' या एकाच शब्दाचे अर्थ डोहाळा आणि जन्मखूण. इटालियनमध्ये 'वोलिया' म्हणजे इच्छा, आणि जन्मखूणही. फ्रेंचमध्ये 'आँव्ही'चं तेच. डोहाळा पुरा झाला नाही की बाळाच्या अंगावर उमटतो, अशी समजूत त्यामागे आहे.

आपल्याकडं सुश्रुतसंहितेत दोन्ही गोष्टी सापडतात. निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये 'जतुमणी' आणि 'न्यच्छ' यांची वर्णनं आहेत: जन्मतः असलेले, न दुखणारे डाग. तिथं आईवर ठपका नाही. पण शारीरस्थानात गर्भिणीचे डोहाळे पुरवले नाहीत तर मूल व्यंग घेऊन जन्मतं, असं सांगितलं आहे. बघितलं ते लिहून ठेवणं आणि कारण शोधताना आईकडं वळणं, दोन्ही एकाच ग्रंथात.

ग्रहणाचंही तसंच. आपल्याकडं गर्भवतीनं ग्रहणात सुई हातात धरायची नाही. मेक्सिकोत याच भीतीपोटी गर्भवतीनं कपड्याला आतून सेफ्टी पिन लावायची, म्हणजे बाळ वाचतं. इकडं जे धरल्यानं बिघडतं, तिकडं तेच धरल्यानं टळतं. दोन्हीकडं ओठ फाटलेली, डाग असलेली मुलं जन्मतात, आणि दोन्हीकडं नियम टिकून आहेत.

काकूंचं गणित

आता काकूंचा प्रश्न गंभीरपणे घेऊ. डाग असलेल्या बाळाच्या आईला विचारलं, "गरोदरपणात ग्रहण होतं का?" तर उत्तर काय येईल?

ग्रहणं वर्षभर कधीही होत नाहीत. त्यांचे हंगाम असतात. साधारण १७३ दिवसांनी एक हंगाम येतो, तो महिनाभराहून थोडा जास्त चालतो, आणि प्रत्येक हंगामात किमान दोन ग्रहणं होतात. गर्भारपण साधारण २८० दिवसांचं. आता कागदावर आखून बघा: २८० दिवसांची पट्टी कुठंही ठेवा, तिच्यात एक आख्खा हंगाम बसतोच, बऱ्याचदा दुसऱ्याचाही काही भाग येतो. म्हणजे या पृथ्वीवर पूर्ण दिवस भरलेलं असं एकही गर्भारपण नाही ज्यात कुठं ना कुठं ग्रहण झालेलं नाही. तुमच्या वेळी होतं, माझ्या वेळी होतं, आणि काकूंच्या तिन्ही मुलांच्या वेळी होतं.

भारतातून दिसणारीच ग्रहणं धरा म्हणाल, तर संख्या कमी होते. पण हा नियम कुणी डाग दिसायच्या आधी ठरवलेला नसतो. डाग दिसला की "टीव्हीवर तर सांगत होते" एवढं पुरतं. आणि नियम तंतोतंत पाळलेली आई समोर असेल तर, आपण बघितलंच, "डोळा लागला असंल."

एका कागदावर चार खाने करा. पहिल्यात 'ग्रहणाचे नियम मोडले, डाग आला'. दुसऱ्यात 'नियम मोडले, डाग नाही'. तिसऱ्यात 'नियम पाळले, डाग आला'. चौथ्यात 'नियम पाळले, डाग नाही'. दोन गोष्टींचा संबंध आहे की नाही हे कळायला चारही खाने भरावे लागतात. आपण फक्त पहिला भरतो, कारण बिनडागाच्या बाळाच्या आईला बारशात कुणी काही विचारतच नाही. तिसऱ्या खान्यातली माझी बहीण तर ओढून पहिल्यात बसवली गेली.

प्रोफेसरांचं गणित

आता पुस्तकाकडं. स्टीव्हन्सन (१९१८–२००७) हे व्हर्जिनिया विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ. १९६१ पासून ते भारतात येत होते. त्यांच्या कामाला पैसा दिला तो झेरॉक्सचं तंत्र शोधणाऱ्या चेस्टर कार्लसन यांनी, हा योगायोग मला मजेशीर वाटतो. महाराष्ट्राशीही त्यांचा संबंध आला. सत्तरच्या दशकात नागपुरातली एक मराठी स्त्री मधूनमधून जुन्या वळणाचं बंगाली बोलू लागली, त्या प्रकरणाचा अभ्यास त्यांनी केला आणि १९८४ च्या पुस्तकात त्यावर लिहिलं. ते प्रकरण भाषेचं होतं. जन्मखुणांचं काम त्याहून मोठं, आणि त्यांच्या मते त्याहून भक्कम. कारण आठवण खोटी असू शकते, भाषा कुठंतरी कानावर पडलेली असू शकते, पण डाग कातडीवर असतो, त्याचा फोटो निघतो.

१९९३ च्या निबंधातले आकडे असे: मागचा जन्म आठवतो म्हणणाऱ्या, किंवा मोठ्यांनी तसं मानलेल्या, ८९५ मुलांपैकी ३०९ जणांच्या अंगावर मागच्या जन्माशी जोडलेली खूण किंवा व्यंग होतं. त्यातल्या २१० प्रकरणांचा तपास झाला. ४९ प्रकरणांत मृत व्यक्तीचा वैद्यकीय कागद, बहुतेक वेळा पोस्टमॉर्टेम अहवाल, मिळाला. आणि त्यातल्या ४३ मध्ये जखमेची जागा मुलाच्या खुणेशी जुळली. १८ मुलांच्या अंगावर दोन-दोन खुणा होत्या, बंदुकीची गोळी आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची.

वाचताना मी प्रभावित झाले, हे प्रामाणिकपणे सांगते. हा माणूस भोंदू नव्हता. गावोगाव हिंडला, अनेक साक्षीदारांना वेगवेगळं भेटला, कागद मिळवले, फोटो काढले. आपल्या बाजूनं न जाणारे तपशीलही लिहिले. त्याला 'छद्मविज्ञान' म्हणून एका ओळीत निकालात काढणारे बरेच लेख मी वाचलेत. त्यांनी पुस्तक उघडलेलंही दिसत नाही. टीका करायची तर ती त्यांच्या सगळ्यात भक्कम जागी करायला हवी. ती जागा म्हणजे त्यांचं संभाव्यतेचं गणित.

ते असं. प्रौढ माणसाची त्वचा सुमारे १.६ चौरस मीटर. तिचे १० सेंटीमीटर बाजूचे चौकोन पाडले तर अंदाजे १६० होतात. म्हणून एक खूण एका जखमेच्या चौकोनात योगायोगानं पडायची शक्यता १६० त एक. दोन खुणा दोन जखमांशी जुळायची शक्यता १६० गुणिले १६०, म्हणजे २५,६०० त एक. ऐकायला जबरदस्त. आता एकेक विट काढून बघू.

पहिली गोष्ट, डाग अंगावर सारखे पसरलेले नसतात. निळसर डाग कमरेखाली, लालसर डाग मानेच्या मागं आणि पापण्यांवर सर्रास. जखमाही सारख्या पसरलेल्या नसतात. मारणारा डोकं, मान, छाती बघून मारतो. सारख्या वाटपाचं गृहीतक चूक आहे हे स्टीव्हन्सन स्वतःच कंसात मान्य करतात, आणि त्याकडं दुर्लक्ष करता येईल म्हणून पुढं जातात. मला वाटतं, इथं दुर्लक्ष करता येत नाही.

दुसरी, माप. प्रौढाची त्वचा १.६ चौरस मीटर खरी, पण नवजात बाळाची त्वचा पाव चौरस मीटरहूनही कमी असते. तोच १० सेंटीमीटरचा चौकोन बाळाच्या अंगावर ठेवा. १६० नाही, २५ च्या आतच चौकोन बसतील. चौकोन बाळाच्या मापानं लहान केला म्हणाल, तर ते गणितात दिसायला हवं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची. १६० त एक ही शक्यता कधी खरी? एका मुलावर एकच खूण, एका मृतावर एकच जखम, आणि ही जोडी खूण बघायच्या आधीच ठरलेली, तर. आता मुलाच्या अंगावर पाच खुणा आहेत आणि मृताच्या अंगावर चार जखमा, असं धरा. जोड्या झाल्या वीस. त्यातली किमान एक जुळायची शक्यता जवळपास १२ टक्के, म्हणजे साधारण आठात एक. आणि पंचक्रोशीत गेल्या काही वर्षांत अपघातात, मारामारीत गेलेली अशी दहा माणसं असतील तर जोड्या दोनशे. कुणाशी तरी जुळायची शक्यता ७० टक्क्यांच्या वर जाते. कॅल्क्युलेटरवर करून बघा, मी हवेत बोलत नाही.

स्टीव्हन्सन यावर म्हणतील की या खुणा साध्या तिळांसारख्या नाहीत, त्या वणासारख्या, सुरकुतलेल्या आहेत. आणि १८ पैकी निदान ९ प्रकरणांत लहान खूण गोळी शिरल्याच्या जागी आणि मोठी बाहेर पडल्याच्या जागी आहे. हा आक्षेप वजनदार आहे. पण त्यालाही तोच प्रश्न: मुलाची आणि मृताची जोडी कुणी, कधी, कशावरून जुळवली? बहुतेक प्रकरणांत संशोधक पोचायच्या आधी दोन्ही कुटुंबं भेटलेली होती. घरच्यांनी डाग बघितला होता, कुणाला कुठं लागलं होतं हे गावाला माहीत होतं, आणि मूल दोन-अडीच वर्षांचं, नुकतं बोलायला लागलेलं. पोस्टमॉर्टेमचा कागद जखम कुठं होती ते अचूक सांगतो. असंख्य मृतांमधून हाच माणूस का निवडला गेला, ते सांगत नाही. ४९ पैकी ४३ हा आकडा मोठा आहे, पण न जुळलेल्या जोड्या तपासापर्यंत यायच्या आधीच, घरातल्या गप्पांतच, गळालेल्या असणार.

परत तो चार खान्यांचा कागद काढा. खूण आहे आणि जखमी मृत सापडला, हा खाना भरून वाहतोय. खूण आहे पण कुणीच सापडलं नाही, हा जवळपास रिकामा. अशी मुलं कुठल्या पुस्तकात येणार? बावीसशे पानं आहेत, पण ती एकाच खान्याची आहेत. आणि हो, स्टीव्हन्सन आईच्या मनावरच्या आघातामुळे बाळावर खूण उमटते ही जुनी कल्पनाही गंभीरपणे घेतात, तिच्यावर वेगळं लिहितात. म्हणजे प्रोफेसर शेवटी काकूंच्या ओसरीवर येऊन बसतातच.

मग नीट तपास कसा झाला असता? अवघड नाही. एका तालुक्यात जन्मणाऱ्या सगळ्या बाळांच्या खुणा जन्माच्या आठवड्यातच नोंदवा, नकाशावर. त्याच भागातले पोस्टमॉर्टेम अहवाल वेगळे गोळा करा. जोड्या लावणाऱ्याला कोण कुणाचा नातेवाईक हे माहीत नको. आधी मुलं आणि मृत चिठ्ठ्या टाकून जुळवा आणि योगायोगानं किती जुळतात ते बघा. मग मुलं मोठी होऊन जे नाव घेतील त्या जोड्या बघा. दुसरा आकडा पहिल्याहून बराच मोठा आला, तर मी माझं मत बदलेन. इतक्या वर्षांच्या मेहनतीत ही तुलना नाही, हीच माझी तक्रार.

आपल्या बाजूलाही हीच फूटपट्टी

२१ जून २०२० च्या सूर्यग्रहणात सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या एका गर्भवतीनं महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांसोबत भाजी चिरली, फळं कापली, चष्म्यातून ग्रहण बघितलं. बातम्या झाल्या. मला त्या बाईच्या धैर्याचं मनापासून कौतुक आहे. आपल्या घरात हे करायला काय लागतं ते मी बहिणीच्या घरी बघितलंय.

पण पुरावा म्हणून बघितलं तर हे एकच उदाहरण आहे. समजा योगायोगानं त्या बाळाच्या अंगावर तीळ असता, तर? काकूंना आयतं कोलीत मिळालं असतं. एका बाळावरून ग्रहण निर्दोष ठरत नाही, जसं एका बाळावरून ते दोषी ठरत नाही. त्या कृतीचं मोल वेगळं आहे: भीती मोडणं. ते मोल मोठं आहे, पण त्याला प्रयोग म्हणू नये. चार खान्यांचा नियम दुसऱ्यांना लावतो तर आपल्यालाही लागू आहे.

कुठला अर्थ कुणाला महाग पडतो

मग सगळेच अर्थ सारखे चुकीचे का? विज्ञानाच्या दृष्टीनं तिन्हींना पुरावा नाही. पण माझ्यासाठी तिन्ही सारखे नाहीत, कारण त्यांची किंमत वेगवेगळी माणसं मोजतात.

मामांचा अर्थ बघा. आप्पांना जाऊन चार वर्षं झाली. मामांना त्यांच्या शेवटच्या आजारपणात येता आलं नव्हतं. त्या रात्री मी आप्पांचा जुना फोटो काढून बघितला. वण डाव्या भुवईवर आहे, बाळाचा डाग उजवीकडं. आजीला दाखवला तर ती म्हणाली, "बाजू बदलून येत असंल गं." मी वाद घातला नाही. हे सिद्ध करायचं म्हणून कुणी शोधनिबंध लिहिला तर मी घालेन. पण मामांच्या त्या दोन शब्दांत शोधनिबंध नव्हता, बाप गेल्याचं दुःख होतं. त्यानं बाळाचं काही बिघडत नाही, निदान तिच्यावर आप्पांसारखं वागायची सक्ती होत नाही तोवर.

काकूंच्या अर्थाची किंमत बहीण मोजतेय. बारसं आटोपल्यावर ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होती. मला म्हणाली, "खरंच डोळा लागला होता का गं माझा? मला आता आठवतच नाही." सगळे नियम पाळलेल्या बाईला स्वतःच्याच आठवणीवर शंका घ्यायला लावणं, हा या समजुतीचा खरा परिणाम. हा परिणाम मी डोळ्यांनी बघितला.

आणि देवीच्या कुंकवाचा अर्थ? तो सगळ्यात गोड आणि म्हणूनच मला सगळ्यात काळजीचा वाटतो. "बाकी काही करू नका" हे त्यातले शब्द. कारण बहुतेक डाग निरुपद्रवी असले तरी काही डाग डॉक्टरांना दाखवावेच लागतात:

कपाळावर आणि पापणीवर उतरलेला, जन्मापासूनचा लाल-जांभळा डाग पोर्ट वाइन प्रकारचा असेल, तर कधीकधी त्याच बाजूच्या डोळ्यात दाब वाढतो किंवा मेंदूच्या आवरणातही तशाच रक्तवाहिन्या असतात, फिट्स येऊ शकतात. डोळे लवकर तपासायला हवेत.

जन्मानंतर काही आठवड्यांत उगवून भराभर वाढणारी लालबुंद फुगीर गाठ बहुतेक वेळा पुढं आपोआप ओसरते. पण डोळ्याजवळ, ओठाजवळ असेल तर वाट बघू नये. रक्तदाबाच्या जुन्या औषधानं, प्रोप्रॅनोलॉलनं, ती आटते हे २००८ मध्ये लक्षात आलं.

लहान मुलाच्या अंगावर दुधाच्या चहासारख्या रंगाचे, पाच मिलिमीटरहून मोठे, सहा किंवा जास्त डाग असतील तर दाखवावं.

कमरेखाली मणक्याच्या मधोमध केसांचा झुपका असेल तर त्याला मारुतीचं शेपूट म्हणून नमस्कार करण्याआधी मणक्याची तपासणी करावी.

कमरेवरच्या निळ्या डागाला काही करायचं नाही. फक्त तुमचे नातेवाईक परदेशात असतील तर त्यांना सांगा की बाळाच्या डॉक्टरांकडून त्याची नोंद करून घ्या. तिकडं तो माराचा वळ समजला गेल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणजे अर्थ लावण्यात तिकडचे लोकही मागं नाहीत.

आमच्या शहरात घाटीत त्वचारोग विभाग आहे, नेत्र विभागही आहे. इतर जिल्ह्यांतही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ही सोय असते. तुळजापूरला जायला माझी हरकत नाही, फक्त आधी तिथं जा.

बहिणीनं तेच केलं. बारशानंतरच्या आठवड्यात आम्ही बाळाला त्वचारोगतज्ज्ञांना आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. सध्या डोळ्यातला दाब ठीक आहे. दर काही महिन्यांनी तपासायचा आहे, आणि डाग कुठल्या प्रकारचा ते थोडं मोठं झाल्यावर आणखी स्पष्ट होईल. डॉक्टरांनी बहिणीला न विचारताच एक वाक्य सांगितलं, की यात तुमचं काही चुकलेलं नाही. ती घरी येईपर्यंत रिक्षात तेच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

तर तुमच्या ओळखीत कुणाच्या बाळाच्या अंगावर खूण असेल, तर पाळण्यात वाकल्यावर आईला पहिला प्रश्न कुठला विचारायचा, एवढं ठरवून जा. मी सुचवते: "नाव काय ठेवलं?"